इंग्लंडातली गाडी कोल्हापुरात आणायचीय. कायदेशीर मार्ग आणि खर्च सांगा

रंकाळा_ते_रीडिंग
नमस्कार मंडळी. सहा वर्षं इंग्लंडात काढली, आता दिवाळीनंतर कायमचा कोल्हापूरला येतोय. वडिलांचं वय झालं, शिरोलीतलं युनिट कुणीतरी बघायला पाहिजे. घरसामान कंटेनरने यायचंय, त्याचं बोलणं झालंय. अडलंय ते गाडीपाशी.

मार्च २०२४ मध्ये नवी माझदा एमएक्स-५ घेतली. लाल, दोन सीटची, छप्पर हाताने मागे ढकलायचं. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन. स्टेअरिंग उजवीकडे, म्हणजे निम्मं काम झालं असं मी धरून चाललोय. माझदा भारतात गाड्या विकत नाही हे माहीत आहे.

आणता येते का? कस्टमला किती जातील? एमएच-०९ नंबर मिळेल का? आणि कुणी आणली असेल तर पस्तावलात का, ते खरं सांगा. 'विकून टाक' हा सल्ला बायकोने आधीच दिलाय, तेवढा सोडून बोला.

तांबडा_पांढरा
नाद खुळा! आण भावा. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सगळं गाव बघायला लोटतं. परदेशी गाडीचं कौतुक आपल्याकडं आजचं नाही.

निपाणीकर
त्या मेबॅकला कस्टमची पावती कुणी विचारत नाही. याला विचारतील.

मस्कतकर
माझा अनुभव एका ओळीत. मस्कतहून येताना चौकशी केली, गाडी डाव्या स्टेअरिंगची, विषय तिथंच मिटला. आखातातल्या मंडळींनी हा धागा वाचून उगाच आशा लावू नये.

क्लिअरिंगवाला
मुंबईत कस्टम क्लिअरिंगच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, मूळ गारगोटीचा. सविस्तर लिहितो, कारण या विषयात अर्धवट माहितीवर लोक गाडी जहाजावर चढवतात आणि मग बंदरातून मला रडत फोन करतात.

पहिला गैरसमज. कायमचं परत येणाऱ्याला घरसामानावर ड्युटीत सवलत असते, म्हणून गाडीवरही असेल असं लोक धरून चालतात. तसं नाही. मोटारगाडी बॅगेजमध्ये बसतच नाही. परत येणाऱ्याला फक्त 'आणण्याची' मुभा आहे, पूर्ण ड्युटी भरून. अट अशी की तुम्ही सलग दोन वर्षं परदेशात राहिलेले हवेत आणि गाडी तिकडे किमान एक वर्ष तुमच्या ताब्यात हवी. या दोन्हींत तुम्ही बसता.

पुढच्या अटी गाडीच्या. उजवं स्टेअरिंग. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला जुळणारा. स्पीडोमीटर किलोमीटरचा. इंग्लंडची गाडी पहिल्या दोन्हींत पास होते आणि तिसऱ्याला अडकते, कारण तिथे मैल. पडद्यावरचा आकडा बदलता येत असेल तर ठीक, काट्याच्या डायलवर मोठे आकडे मैलांचे असतील तर डायल बदलावा लागतो.

वापरलेल्या गाडीला बंदर एकच, मुंबई. नव्या गाड्यांना न्हावाशेवा, चेन्नई, कोलकाता अशी यादी आहे, तुम्हाला ती लागू नाही. घरसामानाचे कंटेनर बहुतेक न्हावाशेव्याला उतरतात, त्यामुळे 'त्यातच गाडी घालू' म्हणणाऱ्या पॅकर्सवाल्याला आधी हे विचारा. निघण्यापूर्वी तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, आणि इथे उतरल्यावर सोडवण्याआधी गाडी तपासणीला जाते: पुण्याची एआरएआय नाहीतर अहिल्यानगरची व्हीआरडीई.

आता पैसे. २०२५ च्या बजेटनंतर 'परदेशी गाड्या स्वस्त' अशा बातम्या फिरल्या. वापरलेल्या गाडीवरची मूळ ड्युटी १२५ वरून ७० टक्क्यांवर आली हे खरं, पण त्याच दिवशी ६७.५ टक्क्यांचा कृषी पायाभूत सेस बसला. आधी १२५ आणि वरचा अधिभार मिळून १३७.५ होत होते, आताही बेरीज १३७.५ च. त्याच्यावर जीएसटी. तुमची गाडी चार मीटरच्या आत असली तरी इंजिन १२०० सीसीच्या वर, म्हणून १८ नाही, ४० टक्के.

आकड्यांत मांडतो. नवी असतानाची छापील किंमत ३०,००० पौंड धरू. तुम्ही घासाघीस करून कितीला घेतली याला अर्थ नाही. कस्टम मूळ किमतीतून घसारा वजा करतं: पहिल्या वर्षी १६ टक्के, दुसऱ्या वर्षी १२. दोन वर्षं पुरी झाली तर उरले २१,६००. भाडं आणि विमा १,५०० धरा, झाले २३,१००. त्यावर १३७.५ टक्के म्हणजे ३१,७६२. दोन्हींच्या बेरजेवर ४० टक्के जीएसटी म्हणजे आणखी २१,९४५. नुसता कर ५३,७०० पौंड. साठ लाखांच्या घरात! आणि आरटीओचा एकरकमी टॅक्स अजून यायचाय.

रंकाळा_ते_रीडिंग
दादा, आकडा वाचून चहा गार झाला. एवढ्या तपशिलाबद्दल मनापासून आभार. डायलवर मोठे आकडे मैलांचेच आहेत. एक शंका: जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटनचा व्यापार करार झाला ना? त्यात गाड्यांची ड्युटी उतरणार होती.

क्लिअरिंगवाला
तो ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांना, तोही ठरावीक कोट्यात. तुमची गाडी हिरोशिमाची. विकली इंग्लंडात म्हणून इंग्लिश होत नाही.

चहात_बुडवलेली_खारी
एवढी डोकेफोड कशाला? कार्नेवर आणा. ड्युटी शून्य. आमच्या ओळखीत एकाने आणली होती, कुणी विचारत नाही.

क्लिअरिंगवाला
विचारतात. कार्ने म्हणजे फिरायला येणाऱ्या पर्यटकाची तात्पुरती सोय. सहा महिन्यांत गाडी परत देशाबाहेर जायला हवी, नाही गेली तर ज्या हमीवर कार्ने मिळाला तिच्यातून सगळी ड्युटी वसूल होते. कायमचं राहायला येणारा माणूस पर्यटक म्हणून गाडी आणतो, ही सुरुवातच खोटी. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमने 'नुमखोर' नावाची मोहीम काढून भूतानमार्गे आलेल्या गाड्या उचलल्या. ज्यांच्या दारातून उचलल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे भारतातलं आरसी बुक होतं. आरसी हातात आहे म्हणजे गाडी कायदेशीर आली, असं होत नाही.

धाग्याचं नाव 'कायदेशीर मार्ग' आहे, तेवढं ध्यानात ठेवूया.

करवीरची_मेलबर्नवाली
मी उलट्या दिशेनं गेलो, तरी लिहितो. (हो, बाई आहे. कोल्हापूरची आहे, 'गेलो'च म्हणणार.) पप्पांची १९९७ ची जिप्सी मेलबर्नला आणली. कारण विचारू नका, शिकलो तिच्यावर.

ऑस्ट्रेलियात गाडी जहाजावर चढायच्या आधी आयात-मंजुरी हातात पाहिजे. मंजुरीविना आलेली गाडी बंदरात पडून राहते, नाहीतर परत पाठवावी लागते. स्वतः परदेशात निदान वर्षभर सलग वापरलेली असेल तर एक मार्ग, पंचवीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर दुसरा. माझा दुसरा.

मंजुरी मिळाली, त्यानंतर खरी कसरत. तिकडं २००३ च्या अखेरपासून अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, जुन्या गाडीत नाही हे आणणाऱ्यानं सिद्ध करायचं. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, सायलेन्सरचं पॅकिंग, सगळं उद्यमनगरात उतरवून नवं घातलं, पावत्या आणि फोटो ठेवले. आणि माती! चिखलाचा कण, गवताचं बी काही चालत नाही. राधानगरीच्या रस्त्यावर वीस वर्षं फिरलेली गाडी ती. दोनदा प्रेशरनं धुतली. तरी चेसिसच्या पोकळीत टॉर्च मारला तर लाल माती तशीच. शेवटी मी आणि पप्पा तीन दिवस पाठीवर झोपून टूथब्रशनं काढत होतो. मागच्या बंपरच्या आत भाताची लोंबी सापडली, वाळून पार कडकडीत झालेली. ती पप्पांनी खिशात ठेवली.

पस्तावलो का? नाही. पण ड्युटी तिकडं मूळ पाच टक्के आणि दहा टक्के जीएसटी. तुझ्यासारखं गाडीच्या दुपटीहून जास्त भरायचं असतं तर पप्पांनीच मला घराबाहेर काढलं असतं.

फिटर_उद्यमनगर
गाडीवर हात ठेवणारा माणूस म्हणून बोलतो. उद्यमनगरात बुश म्हणा, पुली म्हणा, शाफ्ट म्हणा, नमुना आणून द्या, संध्याकाळी लेथवरनं काढून देतो. पण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, लेथवर निघत नाही. सेन्सर निघत नाही. जी कंपनी देशात नाही तिचा साधा ऑइल फिल्टर मागवायचा म्हटलं तरी बाहेरनं येईस्तोवर गाडी ताडपत्रीखाली.

दुसरं म्हणजे उंची. एवढी बुटकी गाडी गावातल्या स्पीडब्रेकरवर घासणार, गगनबावड्याला पावसात नेलीस तर खड्ड्यात पोट टेकणार. तिसरं, दोन सीट. तू आणि वहिनी बसलात, मग आईबाबा जोतिबाला कशानं जायचे?

निपाणीकर
छप्पर उघडून मागच्या डिकीवर. दसऱ्यासारखं.

गुपचूप_वाचक
वाचत होते, एक विचारते. गाडी रोख घेतली की हप्त्यावर? मीही इंग्लंडातच आहे, म्हणून शंका आली.

रंकाळा_ते_रीडिंग
पीसीपीवर, म्हणजे हप्त्यावरच. मार्च २०२७ पर्यंत हप्ते आहेत, शेवटी मोठी रक्कम भरली की माझी.

गुपचूप_वाचक
मग कस्टमचं नंतर बघा. पीसीपीत शेवटची रक्कम भरेपर्यंत मालक फायनान्स कंपनी असते. व्ही५सी, म्हणजे इथलं नोंदणीपत्र, तुमच्या नावावर आहे, पण त्यावरच लिहिलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही, तुम्ही फक्त नोंदणीकृत वापरकर्ते. काढून बघा. त्यांच्या परवानगीशिवाय गाडी देशाबाहेर नेता येत नाही. नेण्याआधी सगळी थकबाकी चुकती करून तसं पत्र घ्यावं लागेल, मग डीव्हीएलएला (इथलं गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी खातं) कायमच्या निर्यातीचं कळवायचं.

क्लिअरिंगवाला
ताईंनी नेमकं पकडलं, मी विचारायलाच हवं होतं. आणखी एक माझ्याकडून राहिलं. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ही तीन वर्षं विकत घेतल्यापासून नाहीत, कारखान्यात बनल्याच्या तारखेपासून. तुम्ही म्हणता मार्च २०२४. ती बनली कधी? जपानहून जहाजाने येऊन शोरूमला लागेपर्यंत महिने जातात. डीलरकडून लेखी घ्या. तोवर अंदाज हवा असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, तळाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख असते. ती बेल्टची, पण गाडी त्याच्या आसपासचीच.

रंकाळा_ते_रीडिंग
आत्ता खाली जाऊन आलो. पाऊस पडतोय, मोबाइलच्या उजेडात बेल्ट ओढून बघितला. सप्टेंबर २०२३. दिवाळीनंतर निघायचं म्हणजे नोव्हेंबर, जहाजाचा वेळ वेगळा. डीलरला उद्या मेल टाकतो, पण उत्तर काय येणार ते कळलंय. लवकर पाठवायची तर हप्ते आधी फेडावे लागणार, आणि ते करून वर साठ लाख.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती हसेल.

सगळ्यांचे आभार, विशेषतः गारगोटीकर दादा आणि ताईंचे. फिटरभाऊ, तुम्हाला एक विचारतो, विषयाला सोडून आहे. शिरोलीत युनिटच्या मागच्या शेडमध्ये बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. दहा-बारा वर्षं सुरू केलेली नाही. तिचं काही होईल?

फिटर_उद्यमनगर
होईल की! तिचं सगळं लेथवर निघतं. पण कुणालाही स्टार्टर मारू देऊ नको, बाबांना आत्ताच फोन करून सांग. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, तीन-चार दिवस तसंच ठेवायचं. मग पुढनं पुलीला पाना लावून हातानं फिरवून बघायचं. फिरली तर इंजिन जिवंत आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, वास घेतल्यावर कळेलच. कार्ब्युरेटर आणि ब्रेक सिलिंडर मी उतरवतो. पासिंग कधी संपलंय ते आरसीवर बघून ठेवा आणि उंदरांनी वायरिंग कितपत खाल्लंय त्याचा एक फोटो पाठवा.