हृदयविकार असलेल्या २० महिन्यांच्या मुलीचे वजन वाढत नाही

प्रश्न
माझ्या मुलीच्या हृदयाच्या पडद्याला जन्मतः छिद्र आहे. शस्त्रक्रियेपूर्वी वजन वाढावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे; मात्र तीन महिने झाले, काटा ८.४ किलोच्या पुढे सरकलेला नाही. चार-पाच घासांतच ती दमते आणि तोंड फिरवते. मग गाणी, मोबाइल, वाटी घेऊन मागे-मागे फिरणे असे करत एकेका जेवणाला तास-सव्वा तास जातो आणि शेवटी पुष्कळदा सगळे उलटून पडते. जेवणाची वेळ जवळ आली की आता माझ्याच पोटात गोळा येतो. तिला अधिक कसे भरवावे?

उत्तर १
माझ्या मुलालाही हाच विकार होता, म्हणून सविस्तर लिहिते. अशा मुलांच्या हृदयाला आणि फुप्फुसांना सतत जादा काम पडत असल्यामुळे शरीर उष्मांक अधिक जाळते, आणि धाप लागत असल्यामुळे चावणे-गिळणे हेच त्यांना श्रमाचे होते. त्यामुळे घासांची संख्या वाढवण्याच्या मागे लागू नका. ती जे चार-पाच घास आनंदाने घेते, तेच भारी करा. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. पाच मिलिलिटरचा चमचाभर तेल म्हणजे सुमारे ४० उष्मांक. या वयाच्या निरोगी मुलाला दर किलोमागे दिवसाला साधारण ८० उष्मांक लागतात, हे धरले तर दिवसभरात चार वेळा अन्नात कालवलेला एकेक चमचा त्या गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा भरून काढतो. तुमच्या मुलीची गरज अर्थातच त्याहून जास्त असेल. तेल, लोणी, साय, अंड्याचा बलक यांपैकी जे पचेल ते अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, कारण एकदम वाढवल्यास जुलाब होऊ शकतात. पातळ सूप आणि फळांचे रस मात्र कमी करा. त्यांनी इवलेसे पोट भरते, अंगी काही लागत नाही.

दुसरे, अर्ध्या तासानंतर ताट उचलाच, ते भरलेले असले तरी. दर अडीच-तीन तासांनी थोडे द्या आणि मधल्या वेळेत पाण्याशिवाय काही नको. बळजबरीने भरवलेला घास ओकारीत जातो आणि वर जेवणाची धास्ती मागे ठेवतो; आमच्याकडे ती धास्ती जायला कित्येक महिने लागले, याची मला आजही खंत वाटते.

उत्तर २
वरील सल्ला योग्य आहे, पण एक सावधगिरी हवीच. या विकारात दोन-तीन दिवसांत अचानक वाढलेले वजन बहुधा शरीरात साचलेल्या पाण्याचे असते. पापण्यांवर किंवा पायांवर सूज दिसली, अथवा श्वास जोरात चालू लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. रक्तातील लोह तपासले आहे का, हेही विचारावे, कारण लोह कमी असले तरी भूक मंदावते. तसेच, ज्यांच्या मुलांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी हा आहार जसाच्या तसा उचलू नये. तिथे पोटॅशियम व फॉस्फरस मोजूनच द्यावे लागते.

उत्तर ३
आमच्या मुलीला शेवटी नाकातून नळी घालून रात्री दूध द्यावे लागले. मी ते आठवडे स्वतःला दोष देण्यात घालवले. प्रत्यक्षात नळीमुळे वजनाची चिंता नळीने वाहिली आणि दिवसा ताटासमोर बसलेली माझी मुलगी प्रथमच कुणाच्याही दडपणाविना अन्नाला हात लावू लागली. डॉक्टरांनी हा पर्याय सुचवला, तर घाबरू नका.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. लोहाची तपासणी झालेली नाही. पुढच्या भेटीत ती करून घेईन आणि दिवसभरात पाणी-दूध मिळून किती चालेल, तेही विचारेन. आज दुपारी अर्ध्या तासाने ताट उचलले. तिने सहा घास घेतले होते आणि उलटी झाली नाही.