सोसायटीचे चार्जर: सर्व्हर आपला असावा की कंपनीचा?

धागाकर्ता: इलेक्ट्रिक गाड्यांसाठी 7.4 किलोवॉटचे दहा सिंगल-फेज चार्जर आणि सोसायटीच्या मंजूर भारात शिल्लक 20 किलोवॉट थ्री-फेज, असं धरू. माझं मत: चार्जर ओसीपीपी 1.6-जे वाले (ओसीपीपी म्हणजे चार्जर आणि सर्व्हरने एकमेकांशी बोलायची खुली भाषा) घ्यावेत आणि त्यांना हुकूम देणारा सर्व्हर सोसायटीनेच चालवावा. आखेन विद्यापीठात 2013 साली सुरू झालेलं 'स्टीव्ह' हे अशा सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, जावा आणि मारियाडीबी डेटाबेसवर चालतं. 20 किलोवॉट म्हणजे फेजला साधारण 29 अँपिअर. चार्जर तीन फेजवर 4-3-3 असे वाटले, तर एका फेजवर चारही गाड्या लागल्या तरी प्रत्येकीला 7 अँपिअर मिळतात. 6 च्या खाली चार्जिंग चालतच नाही, म्हणून एका फेजवर पाचवा नको.

लाइनमन: हे राबवणार कोण? स्टीव्ह आपणहून भार वाटत नाही, पैसेही वसूल करत नाही. वाटपाची स्क्रिप्ट लिहिणारा सभासद फ्लॅट विकून गेला की संपलं. आणि बेसमेंटमध्ये सिमला रेंज नसते. दोन गाड्यांना 14-14 दिलेले असताना नेट गेलं आणि त्याच फेजवर आणखी दोन 7-7 ने लागल्या, तर शिल्लक 29 असताना ओढ 42. त्याच मीटरवर लिफ्ट आणि पंप असतात!

धागाकर्ता: सिम नकोच, कॅट-6 ओढा, 100 मीटरच्या आत. नेट जाण्यावर उपाय ओसीपीपीतच आहे. प्रत्येक चार्जरला टीएक्स-डिफॉल्ट-प्रोफाइल, म्हणजे दुसरा हुकूम नसताना लागू होणारी मर्यादा, कायमचं 7 चं द्या. जास्तीचे अँपिअर टीएक्स-प्रोफाइलने, म्हणजे चालू चार्जिंगपुरत्या मर्यादेने, तेही 300 सेकंदांच्या मुदतीने, आणि स्क्रिप्टने दर चार मिनिटांनी ते पुन्हा पाठवावं. सर्व्हर गप्प झाला की मुदत संपते आणि गाडी 7 वर येते.

मीटरवाला: चार्जरच्या फर्मवेअरने (आतल्या सॉफ्टवेअरने) मुदत पाळली तर! पैसे चुकते करण्याआधी तपासा. गाडी लावा, चार्जिंग सुरू झालं की 14 चं टीएक्स-प्रोफाइल पाठवा, नेटची केबल उपटा, सहा मिनिटं थांबा. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून अँपिअर मोजणारा) फक्त फेजच्या वायरीभोवती लावा. अख्ख्या केबलभोवती लावला तर फेज-न्यूट्रल एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं. आकडा 14 च राहिला तर चार्जर परत करा. चार्जर सर्व्हरला काय कळवतो त्यावर विसंबू नका.

लाइनमन: ही चाचणी मान्य. तरी सर्व्हरच्या टीएलएस प्रमाणपत्राची (सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या ओळखपत्राची) मुदत संपली की एकदा तुटलेला चार्जर सर्व्हरशी पुन्हा जोडला जात नाही, आणि दर वर्षी बदलणाऱ्या कमिटीला ती तारीख कोण सांगणार? मी कंपनीची सेवाच घेईन. फक्त ऑर्डरमध्ये लिहून घेईन, की सर्व्हरची यूआरएल बदलण्याचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून सोसायटीकडे राहील, म्हणजे पुढे सर्व्हर बदलता येईल.

धागाकर्ता: ती अट माझ्याही ऑर्डरमध्ये पहिली असेल.