विषय: नागपूरच्या घरातला वाळलेला कडुनिंब, कोणाकडून काढून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

गुढीपाडव्याच्या हिशोबाच्या मेल्समध्ये हे मधेच टाकतेय, पण आपल्यात नागपूरवाले बरेच आहेत म्हणून विचारते. आमचं घर त्रिमूर्तीनगरात, आई-बाबा दोघंच असतात, बाबा ७८ चे. कंपाउंडमधला कडुनिंब, मी तिसरीत असताना बाबांनी लावलेला, दोन वर्षांत वाळत वाळत गेला. यंदा पालवी फुटलीच नाही, साल हाताने सुटून येते, बुंध्याशी अळंबीसारखं काहीतरी उगवलंय. एक मोठी फांदी बरोबर जिन्यावर, दुसरी शेजारच्यांच्या गच्चीकडे, आणि मधून लाइटची तार. वावधन सुटलं की आई रात्रभर जागीच असते.

काल एक जण दारात आला, म्हणाला लाकूड मी नेतो, वर तुम्हालाच दोन हजार देतो, परवा सकाळी कापून टाकतो. बाबा हो म्हणून बसलेत. मला काही ते बरोबर वाटून नाही राहिलं. इथे अमेरिकेतून काय करू?

सुजाता

---

सुजाता,

आधी बाबांना फोन कर आणि त्या माणसाला थांबव, बाकीचं मग वाच.

आमच्या प्रतापनगरच्या घरी हेच झालं होतं. वाळलेला गुलमोहर होता, दारात आलेल्या माणसाला आम्ही हो म्हटलं. दोन पोरं, एक कुऱ्हाड, नारळाचा दोर, पायात स्लिपर. एक जण वर चढला, कमरेचा दोर ज्या फांदीला बांधला तीच फांदी मोडली आणि पोरगा कंपाउंडच्या भिंतीवर पडला. मनगट आणि दोन बरगड्या. वाचला. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, करायलाच हवा होता, पण माझ्या घरात माझ्या कामासाठी चढलेला पोरगा पडला हे अजून मनातून जात नाही, म्हणून इतकं लिहितोय.

मेलेलं झाड कापणं सोपं असं आपल्याला वाटतं, वाळलंय तर काय, दोन घाव की खाली. उलटं आहे. जिवंत खोडाला ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूने खाच मारतात, मागून कापत येतात आणि मधे थोडं लाकूड मुद्दाम ठेवतात, ते ओलं लाकूड बिजागरीसारखं वाकतं आणि झाड हव्या त्या बाजूला आडवं होतं. वाळक्या लाकडात ती बिजागरी वाकतच नाही, कटकन तुटते, मग झाड कुठे जाईल ते कापणाऱ्याच्या हातात राहत नाही. त्यात चेनसॉचा हादरा बसला की वरची सुकी फांदी डोक्यावर येते. आणि बुंध्याशी अळंबी म्हणजे आतून कुजतंय असं धरून चाला, वरून खोड धड दिसलं तरी. त्यामुळे त्या झाडालाच बेल्ट बांधून चढणारा माणूस नकोच. बकेटवाली गाडी, म्हणजे माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी, किंवा क्रेन लागते, वरून तुकडे करत एकेक दोराने खाली सोडतात.

परवानगीचं. झाड तुमच्या आवारात असलं, मेलेलं असलं तरी परवानगी लागते, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आहे, शहरांना लागू. मनपाच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. घाबरू नका, मेलेल्या किंवा जीवाला धोका असलेल्या झाडाला परवानगी नाकारू नये असं त्याच कायद्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांच्या वरची झाडं हेरिटेज धरलीत, तुमचं त्यात बसत नसावं, तरी अर्जात वय लिहा. दारात आलेल्या माणसाने परवानगीचा विषय काढला होता का, हे बाबांना विचार, एवढ्यावरूनच तो कसा आहे ते कळेल.

आणि तार. महावितरणकडून त्या दिवशी लाइन बंद करून घ्यायचीच. ठेकेदार म्हणेल, साहेब सुकं लाकूड आहे, करंट येत नाही. ऐकू नका. फांदी तारेवर पडली तर तारच तुटून अंगावर येते.

विनय

---

सुजाता, विनयदादांनी लिहिलं ते सगळं बरोबर, फक्त एक, झाड खरंच गेलंय ना? कडुनिंब होळीच्या आसपास पानं गाळतोच, माझ्या सासूबाईंनी मार्चमध्ये एक चांगलं झाड मेलं म्हणून काढायला लावलं होतं. चार-पाच फांद्यांची साल नखाने खरवडून बघायला सांग, आत हिरवी ओल दिसली तर जीव आहे. पण साल आपोआप सुटतेय म्हणजे तुझं बहुतेक गेलंच.

घरासमोर सिमेंट रोड झाला का गं? नागपुरात कितीतरी झाडांच्या गळ्यापर्यंत सिमेंट ओतलंय, मुळांना पाणीही नाही नि हवाही नाही, मग दोन-चार वर्षांत झाड वाळतं आणि लोक म्हणतात कीड लागली. हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगितलं होतं, आपल्या गल्ल्यांमध्ये वीतभर तरी सोडावी ना! फार जीव तुटतो बघून.

खोडात ढोली असेल तर आत पिंगळा किंवा पोपट आहेत का तेही बघून घ्या, पिल्लं असली तर उडेपर्यंत थांबा.

वृंदा

---

सुजाता,

इथे अमेरिकेत झाडवाला आला की आपण आधी विम्याचा कागद मागतो, सर्टिफाइड आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांच्या कामाचं प्रमाणपत्र असलेला, आहे का विचारतो, तिथे आपल्याच आईबाबांच्या घरी काहीच विचारत नाही. विचारायचं. माणसांचा विमा आहे का, हेल्मेट-बेल्ट कोणाचे, भिंत फुटली तर भरून कोण देणार, लाकूड कोण नेणार, बुंधा किती उंचीवर सोडणार, हे सगळं कागदावर. अर्धे पैसे काम झाल्यावर. आणि तोवर आई-बाबांना त्या जिन्याने जाऊ देऊ नको, गाडी झाडाखालून हलव, शेजाऱ्यांना गच्चीचं सांगून ठेव.

विनय

---

विनयदादा, वृंदाताई, खूप खूप आभार.

बाबा आधी रागावले, म्हणाले तुम्ही तिकडे बसून सांगता, पण त्या पोराचं वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाले. त्या माणसाला नाही म्हणून सांगितलंय. मामेभावाने खरवडून पाहिलं, एकाही फांदीत ओल नाही, ढोलीत पक्षी नाहीत. आणि हो ताई, रोड मागच्याच्या मागच्या वर्षी झाला, कंपाउंडला चिकटून, बाबांच्या लक्षातच नव्हतं आलं. अर्ज फोटोंसकट दिलाय. महावितरणला तारखेसाठी सांगितलंय. एक ठेकेदार बघून गेला, पैसे जास्त सांगतोय पण परवानगीचा कागद आल्याशिवाय हात लावणार नाही असं त्यानेच स्वतःहून म्हटलं, त्यामुळे आईला तो पटला.

आता एकच अडकलंय, आमचं गेट साडेनऊ फूट आणि समोरचा रस्ता अरुंद. बकेटची गाडी बाहेर रस्त्यावर उभी करून आत पोचते का? फोटो जोडलाय, कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

सुजाता