माह्या बिलावर शेजाऱ्याची बाकी

ग्रुप: आपली कॉलनी, दर्यापूर रोड (२४ प्लॉट)

गुरुजी, प्लॉट ९ (सकाळी ७:१२): सचिव साहेब, नमस्कार. काल संध्याकाळी बिल दारात पडलं. मागील बाकी ११,४०० रुपये! मी वर्गणी ३१ मार्चच्या आत भरतो आणि पावत्या फाईलले लावून ठेवतो, हे साऱ्या कॉलनीले माहीत आहे. अन् नावाच्या जागी काय छापलं ते कोणी वाचून दाखवा. कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं दिसते.

प्लॉट १७: 🌹 शुभ सकाळ. आजचा दिवस सर्वांना आनंदाचा जावो 🌹

भाऊसाहेब, प्लॉट १४: जुना सीपीयू ऑफिसातून हलवू नका, असं मी १२ मार्चलेच म्हटलं होतं. ग्रुपवर वर जाऊन पाहा.

ताई, प्लॉट १०: आमचे तं दोन महिन्याचे द्यायचे होते. बिलात बाकी शून्य, वरून ६०० आगाऊ जमा. मी काही म्हणत नाही बाप्पा 😄

गुरुजी, प्लॉट ९: ताई, ते ६०० माझे आहेत.

सचिव, प्लॉट २: सर्वांना नम्र विनंती, कृपया धीर धरावा. हिशेब नवीन लॅपटॉपवर घेतला आहे, थोडी तांत्रिक अडचण आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, 'जे' नमुन्याची सभासद यादीही यातूनच निघणार, म्हणून हे काम आताच हाती घेतलं. माझं बिल बरोबर आलं आहे.

प्लॉट २१: तुमचं तं बरोबर येईनच 🙏

सचिव, प्लॉट २: याचा अर्थ काय समजायचा?

प्लॉट २१: काही नाही साहेब. प्लॉट १ ते ५ चंच बरोबर आलं एवढंच पाहून रायलो. सारी कमिटी त्याच ओळीत राहते.

भाऊसाहेब, प्लॉट १४: जुना सीपीयू हलवू नका असं मी १२ मार्चलेच म्हटलं होतं.

बंटी (सचिवांचा भाचा): काका, मी सांगतो. जुन्या प्रोग्रामात, म्हणजे अॅक्सेसमध्ये, टेबल (माहितीचे तक्ते) नव्हतेच, नुसत्या लिंका होत्या. खरा डेटा डी ड्राइव्हवर, त्याच्याही आधीच्या डीबेस प्रोग्रामच्या डीबीएफ फायलींत. मी अॅक्सेसची फाईल पेनड्राइव्हवर आणली तं लिंका तुटल्या. मग त्या डीबीएफ फायली आणल्या. पण या लॅपटॉपवर अॅक्सेस २०१३ आहे, त्यात डीबेस घ्यायची सोयच नाही. म्हणून एक्सेलमध्ये उघडल्या, सीएसव्ही (स्वल्पविरामानं तोडलेला साधा मजकूर) केल्या आणि अॅक्सेसच्या आत घेतल्या. हे सारं फुकटात करून रायलो, एवढं लक्षात ठेवा.

प्लॉट २१: फुकटाचं औषध 😂

अण्णा, प्लॉट ३: बंटी, राग मानू नको, तू सांगतो ते खरं आहे. २०१३ वाल्यातून डीबेस काढलं होतं, पुढे २०१६ वाल्यात परत आणलं. मी हे १९९६ ले डीबेस थ्री प्लसमध्ये केलं, काळ्या पडद्यावर. २००३ ले वरून अॅक्सेस बसवलं, फायली जिथल्या तिथं ठेवल्या आणि लिंक केल्या. लिंक म्हणजे नुसता पत्ता. घर बदललं की पोस्टमन जुन्याच दारात. पण मले एक सांग, सभासद क्रमांकाचा रकाना कुठं गेला?

बंटी: आहे जी. पण पावत्यांशी जोडला तं टाइप जुळेच ना. पावत्यांत अॅक्सेसनं तो आकडा धरला आणि सभासदात मजकूर, कारण तिथं शेवटी एक '००६अ' आहे. आत घेताना त्यानं विचारलं, प्रायमरी की (हर ओळीचा ओळख नंबर) मीच टाकू का? मी हो म्हटलं. त्याच नंबरले पावत्या जोडल्या, पटकन जुळलं. २४ माणसं, २४ नंबर!

अण्णा, प्लॉट ३: तिथंच गाडं फसलं. प्लॉट ६ चे आबाजी २०११ ले विकून गेले. मी त्यांची ओळ डिलीट करून पॅक केली, म्हणजे फाईलीतून कायमची काढली, नव्या मालकाले ००६अ दिलं. नवीन ओळ फाईलच्या शेवटी जाते. इंडेक्स (नंबरवार क्रम लावणारी वेगळी फाईल) लावलेला होता म्हणून पडद्यावर नंबरवारच दिसे. तुह्या सीएसव्हीत इंडेक्स आला नाही. पाचापर्यंत सारं नीट, मग ७ चा झाला ६, ८ चा ७, ९ चा ८. पावत्या मात्र जुन्याच नंबरावर. म्हणजे ६ नंतर प्रत्येकाच्या बिलावर आपल्या आधीच्या घराचा हिशेब. आत घेताना अॅक्सेस चुकांचं टेबल बनवते ते उघडून पाहा, ००६अ च्या साऱ्या पावत्यांच्या ओळींचे नंबर तिथं पडले असतीन.

बंटी: हो जी. पडले आहेत 🙈

ताई, प्लॉट १०: थांबा. मंग गुरुजींच्या बिलावरचे ११,४०० कोनाचे?

प्लॉट १७: 🤐

प्लॉट ८: *हा मेसेज डिलीट केला आहे*

प्लॉट २१: पॅक नका करू साहेब, नुसतंच डिलीट ठेवा 😂😂

प्लॉट ८: लपवायचं काही नाही. बोअरची मोटर जळली तेव्हा रिवाइंडिंगचे पैसे कोनं भरले? मी. कॉलनी दोन दिवस पाण्याविना रायली असती. ते वर्गणीत वळते करायचं ठरलं होतं, अण्णांनी माह्यासमोर शेऱ्यात लिहिलं. दाखवा तो शेरा.

गुरुजी, प्लॉट ९: मोटर रिवाइंडिंगले ११,४००?

प्लॉट ८: गुरुजी, तुम्ही शाळेतच पेपर तपासा.

सचिव, प्लॉट २: कृपया वैयक्तिक बोलू नये. बंटी, शेरा पाठव.

बंटी: मामा, शेऱ्याचा रकानाच आला नाही.

अण्णा, प्लॉट ३: येणार कसा? शेरा मेमोत, म्हणजे लांब मजकुराच्या रकान्यात होता. मेमोचा मजकूर डीबीएफमध्ये राहत नाही, शेजारी त्याच नावाची डीबीटी फाईल असते. ती आणली का?

बंटी: ती काय आहे ते समजलं नाही, म्हणून नाही आणली.

भाऊसाहेब, प्लॉट १४: जुना सीपीयू हलवू नका असं मी १२ मार्चलेच म्हटलं होतं. आता तरी पटलं का?

सचिव, प्लॉट २: भाऊसाहेब, पटलं. तिसऱ्यांदा पटलं. आता सीपीयू कुठं आहे तेवढं सांगा.

भाऊसाहेब, प्लॉट १४: ते मले काय माहीत? मी हलवू नका एवढंच म्हटलं होतं.

अण्णा, प्लॉट ३: सापडला तं कोणी घरी चालू करू नका. आधी डी ड्राइव्हचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं काढायचं, एक प्रत बाजूले, तिले हात लावायचा नाही. डीबीएफ, डीबीटी, इंडेक्स सारं सोबत. मग त्याच जुन्या अॅक्सेसमध्ये लिंका तोडून टेबल आत घ्यायचे, क्रमांक मजकूरच ठेवायचा, आणि ती एकच फाईल लॅपटॉपवर आणायची. आधी सभासद, पावत्या आणि एकूण बाकी वहीत लिहायची, नंतर तिकडं तेवढीच आली का पाहायचं. बिलं त्याच्यानंतर. नावं जुन्या फाँटात आहेत, ती युनिकोडमध्ये घ्यावी लागतीन. २४ नावं आहेत, मी हातानं टाइप करून देतो.

प्लॉट १७: सोयाबीनचं बियाणं कोणाकडं शिल्लक आहे का? दोन बॅगा पाहिजेत.

वहिनी, प्लॉट ४: अण्णा, तो डबा पांढराच्या जागी पिवळा झालेला आहे का? समोर फ्लॉपीची फट? आमच्या कूलरखाली आहे. मार्चमध्ये ऑफिस झाडलं तेव्हा हे घेऊन आले. कूलरची उंची बरोबर खिडकीले लागते.

अण्णा, प्लॉट ३: 😳 वहिनी, त्याच्यावर पाणी पडते का?

वहिनी, प्लॉट ४: थोडं ठिपकते एका बाजूनं. मी खाली पोतं टाकलं आहे.

प्लॉट ८: वहिनी, आताच्या आता कूलर बंद करा. त्यात माहा शेरा आहे!

वहिनी, प्लॉट ४: सासूबाई झोपल्या आहेत, बाहेर ऊन काय आहे ते पाहा. आधी तेवढ्या उंचीच्या विटा आणून द्या, मग डबा घेऊन जा.

भाऊसाहेब, प्लॉट १४: म्हणूनच मी १२ मार्चले

बंटी: निघालो वहिनी. किती विटा लागतीन?

वहिनी, प्लॉट ४: बारा आण. डबा उचलाले कोनाले तरी सोबत आण, जड आहे.

गुरुजी, प्लॉट ९: मी येतो. पावत्यांची फाईलही आणतो.

प्लॉट ८: मीही येतो.