ऐतिहासिक रहस्यकथा: काळाच्या तपशिलात लेखकाने सूट घ्यावी का?

गिरगावकरीण

नुकतीच एक मराठी रहस्यकादंबरी वाचून संपवली. नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका पुस्तकाचा नाही. साल १८९७, मुंबईत प्लेग. मांडवीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा खून होतो. घरचे 'गाठ आली आणि गेला' म्हणून घाईघाईने प्रेत उरकायला बघतात आणि एक तरुण डॉक्टर त्यांना अडवतो. इथपर्यंत मी खिळून होते. पुढे पितळी पेल्यावर बोटांचे ठसे मिळतात, त्यावरून माणूस सापडतो, तो फौजदारासमोर गुन्हा कबूल करतो आणि त्या कबुलीवर त्याला फाशी होते. याची ओळखीत चर्चा झाली तेव्हा बहुतेकांचं मत पडलं, 'कादंबरी आहे, इतिहासाचं पुस्तक नाही.'

मला हे अजिबात पटत नाही. इतर ऐतिहासिक कादंबरीत एखादी सूट खपून जाईल, रहस्यकथेत नाही. इथे वाचक लेखकाच्या बरोबरीने शोध घेत असतो. रस्त्यावर उजेड किती होता, गाडी कधी सुटली, ट्रामला घोडे होते की वीज, यावरच तो तर्क बांधतो. ते तपशील लेखकाने मनाने ठोकून दिले, तर वाचकाने विचार तरी कशाच्या आधारावर करायचा?

घड्याळाचंच घ्या. त्या वर्षी रेल्वे मद्रास वेळेवर चालायची आणि शहर मुंबई वेळेवर. रेल्वेचं घड्याळ साधारण अर्धा तास पुढे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ सोडली नाही, आणि हा फरक ३९ मिनिटांचा झाला. ही दोन घड्याळं १९५५ पर्यंत नांदली. एक साक्षीदार बोरीबंदरच्या फलाटावरची वेळ सांगतो, दुसरा राजाबाई टॉवरच्या टोल्यांवरून. दोघेही खरं बोलताहेत आणि तरी जबानी जुळत नाही. इतकं सुंदर कोडं या शहराने आयतं दिलेलं असताना आपले लेखक पेल्यावरचे ठसे उसने का आणतात?

परळचा वाचक

ताई, घड्याळाचा मुद्दा आवडला, पण मूळ मताशी असहमत.

पहिलं म्हणजे, ठसे १८९७ मध्ये अशक्य नव्हते. कलकत्त्याला जगातलं पहिलं बोटांच्या ठशांचं कार्यालय त्याच वर्षी सुरू झालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे वर्गीकरणाचं काम केलं, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ, बंगालचे पोलीसप्रमुख हेन्रीसाहेब यांच्या पद्धतीचं झालं. मुंबईतल्या एका वाचनवेड्या डॉक्टरच्या कानावर हे आलं असेल, एवढी कल्पना करायला हरकत काय?

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'तपशील पाळा' म्हणताना तपशील कोणाचे? सरकारी कागद साहेबांनी लिहिले. वर्तमानपत्रं शिकलेल्यांनी काढली. कोकणातून येऊन एका खोलीत दहा-बाराजण पाळीपाळीने झोपणारा गिरणी कामगार काय बोलायचा, कोणाला घाबरायचा, याची नोंद कोणी ठेवली? कागदात सापडेल तेवढंच लिहायचं ठरवलं, तर मुंबईची प्रत्येक ऐतिहासिक रहस्यकथा मलबार हिलवरच घडेल. परळची कथा लिहायची तर कल्पनेला सूट द्यावीच लागेल.

ठाण्याची प्रवासी

परळच्या दादांना अनुमोदन. मी लोकलमध्ये वाचते. अभ्यासाच्या नावाखाली अख्खं पान गॅसच्या दिव्यांवर घालवलं की माझं स्टेशन येतं आणि खून तिथेच राहतो. शोधलेलं सगळं वाचकाच्या ताटात वाढायलाच हवं का?

फोर्टातली वकील

मी गिरगावकरीण यांच्या बाजूने आहे, फक्त कारण थोडं वेगळं. कायदा नीट वाचला तर कथानक बिघडत नाही, उलट घट्ट होतं.

तेव्हा लागू असलेला भारतीय पुरावा कायदा १८७२ चा; २०२४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याच्या २५व्या कलमाप्रमाणे पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. म्हणजे वर सांगितलेल्या कादंबरीचा शेवट कोर्टात उभाच राहिला नसता. पण लगेच २७वं कलम बघा. आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेला माहितीचा भाग पुराव्यात यायचा. आता फौजदाराची गरज बदलली. त्याला रडून दिलेली कबुली नको, विहिरीत टाकलेला सुरा हवा. आणि आरोपी हुशार असेल तर सगळं सांगेल, विहीर सोडून. ही झटापट मला कुठल्याही नाट्यमय कबुलीपेक्षा वाचायला आवडेल.

ठशांबद्दल. परळचे वाचक म्हणतात ते चूक नाही, पण ठसा ओळखता येणं वेगळं आणि कोर्टाने तो मानणं वेगळं. पुरावा कायद्याच्या ४५व्या कलमात, म्हणजे तज्ज्ञाच्या मताच्या कलमात, बोटांचे ठसे आले ते १८९९ च्या दुरुस्तीने. १८९८ मध्ये जलपायगुडीला एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. तिथल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा होता, तो आधी शिक्षा भोगलेल्या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. कोर्टाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनातून सोडलं. म्हणून कादंबरीतल्या डॉक्टरला ठसे जरूर सापडू देत. त्याला सत्य कळलंय आणि ज्यूरीतल्या नऊजणांपुढे ते सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच नाही, ही अवस्था लेखकाने का टाकून दिली? हाताशी आलेली गोष्ट गेली, याचं मला वाईट वाटतं.

परळचा वाचक

वकीलताई, जलपायगुडीचं उदाहरण जबरदस्त आहे. पण तुम्ही दोघी कागदावर फार विश्वास टाकताय.

बडोद्याचं प्रकरण आठवा. १८७४ मध्ये तिथले रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांना पपनसाच्या सरबतातून विष दिल्याचा आरोप बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. नमुने तपासले, सोमल (आर्सेनिकचं विष) निघाला, हिऱ्याच्या पुडीची चर्चा झाली. सहाजणांचा आयोग बसला. तिघा इंग्रज सभासदांना आरोप सिद्ध वाटला, शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना नाही. पुरावा तोच, साक्षीदार तेच. आणि सरकारने मल्हाररावांना १८७५ मध्ये पदच्युत केलंच, कारण दिलं गैरकारभाराचं. हे सगळं छापील आहे, दप्तरात आहे. यातलं 'तथ्य' कुठलं घ्यायचं?

प्लेगच्या काळातही तेच. घरोघरी झडत्या, माणसं इस्पितळात आणि छावण्यांत हलवणं, 'राहण्यास अयोग्य' ठरवलेल्या घरांवर मारलेल्या खुणा. लोक आजारी माणूस लपवत, प्रेत लपवत. त्या दिवसांत दारावर शिपाई आला की सगळी चाळ खोटं बोलायची, आणि त्या खोट्याला माझ्या लेखी मान आहे. शिपायाच्या वहीत मात्र 'माहिती दिली नाही' एवढंच उरलं असणार.

गिरगावकरीण

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बडोद्याच्या प्रकरणात लोकांचं दुमत झालं ते दोषी कोण यावर. सरबत पपनसाचं होतं यावर वाद नव्हता. मी पाळायला सांगते ते पपनस. दोषी कोण, साक्षीदार का बदलला, साहेबाला काय बघायचं होतं, हे सगळं रान लेखकाचंच आहे. त्याने तिथे हवं तसं हिंडावं.

आणि परळची नोंद नाहीच, असं मला वाटत नाही. मुंबईत संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर करायचा. त्या चौकशांच्या बातम्या वर्तमानपत्रांत यायच्या आणि त्यात प्रेत पहिल्यांदा बघणारा, शेजारी झोपणारा, पाणी द्यायला गेलेली बाई यांच्या जबान्या असायच्या. चार ओळींची बारीक टायपातली बातमी, पण त्या माणसाचं काम, तो किती वाजता उठला, कोणाकडे जेवायचा हे त्यात येऊन जातं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ चं, तेही मराठीत. साहेबांच्या कागदांपलीकडे काहीच नाही, हे मानायला मी तयार नाही.

प्लेगच्या कथानकाचंही असंच. लाखो माणसं शहर सोडून गेलेली. चाळीत कुलपं. एरवी ज्या जिन्यावर रात्री बारालाही कोणी ना कोणी बसलेलं असायचं, तिथे साक्षीदारच नाही. पण त्याच वेळी मृत्यूंवर सरकारची नजर कधी नव्हे इतकी कडक. म्हणजे खून करायला सोपा, प्रेत उरकायला अवघड. लेखकाने 'प्लेगमध्ये कोण विचारतंय' असं गृहीत धरलं आणि नेमका हा ताण हातचा घालवला.

ठाणेकर ताई, पानभर गॅसचे दिवे मलाही नकोत. साक्षीदाराला वीस पावलांवरून चेहरा दिसला की नुसता फेटा, एवढ्यापुरता दिवा यावा.

काळाचौकीहून

एक वेगळी बाजू. १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून दोन तरुण पारशी स्त्रिया पडून मरण पावल्या. खटला झाला, पण टॉवरवर नेमकं काय घडलं याची उत्सुकता आजही शमलेली नाही. यावर कोणी कादंबरी लिहिली आणि शेवटी एक गुन्हेगार नावानिशी उभा केला, तर ते योग्य आहे का? माझ्या मते नाही. ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला नाही त्याला सव्वाशे वर्षांनी कथेत फासावर चढवणं अन्याय आहे. १९२५ मध्ये झालेल्या अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या खुनाची गोष्ट निराळी. मलबार हिलवर गोळ्या झाडणारे पकडले गेले, त्यांना शिक्षा झाल्या, आणि संशय ज्यांच्या दरबारापर्यंत पोचला त्या इंदूरच्या महाराजांना पुढच्या वर्षी गादी सोडावी लागली. तिथे लेखकाच्या पायाखाली जमीन आहे.

फोर्टातली वकील

काळाचौकीकरांशी पूर्ण सहमत. नावं बदलावीत, टॉवरही बदलावा.

परळचा वाचक

मी नाही सहमत. मल्हाररावांबद्दल लिहायला आपण कचरत नाही, कारण ते राजे. टॉवर बदलला की त्या दोघींची गोष्टच पुसली जाते. नावं ठेवा, गुन्हेगार ठरवू नका, शेवट उघडा राहू द्या.

गिरगावकरीण, कॉरोनरच्या बातम्यांचा मुद्दा मी घेतो. तरी त्या जबान्या मराठीत दिलेल्या, दुभाष्याने इंग्रजीत सांगितलेल्या आणि भीतीपोटी अर्ध्या गिळलेल्या. लेखकाने त्या वापराव्यात, पण पंचनाम्यातलं निदान एक वाक्य कथेत खोटं ठरलं पाहिजे, आणि ते खोटं का लिहिलं गेलं हा रहस्याचा भाग झाला पाहिजे. असं करणारी परळची कादंबरी आली, तर तिच्यात घड्याळं दोन आहेत की एक, हे मी तपासणार नाही.

गिरगावकरीण

पंचनाम्याची अट मान्य. घड्याळं मी तपासणार. शेवट उघडा ठेवण्यावर मात्र आपलं जुळणार नाही. राजाबाई टॉवरवर निबंध लिहा, चरित्र लिहा. रहस्यकथा म्हणून माझ्या हाती दिलीत, तर शेवटच्या पानावर मला नाव हवं.

ठाण्याची प्रवासी

मलाही.