भाडं एकटं बघू नका

तुम्ही म्हणताय की नोकरीसाठी बायको-मुलांना घेऊन नव्या शहरात जायचंय आणि लांबच्या उपनगरात भाडं बरंच कमी आहे, तर तिथेच घर बघावं का. मी असा शिफ्ट झालोय म्हणून सांगतो, भाड्यात जाण्यायेण्याचा खर्च मिळवा आणि मगच तुलना करा. वेळ तर धराच. एका बाजूला ४० मिनिटं जास्त लागली तर महिन्याच्या २२ दिवसांत २९ तास जातात, आणि ते मुलं जागी असतानाचे तास असतात हो!

घर बघायला रविवारी जाऊ नका, सोमवारी सकाळी ऑफिसच्या टायमाला स्टॉपवर उभं राहून बघा पहिल्याच गाडीत चढता येतं का. आत गेल्यावर कपाटामागच्या भिंतीला हात लावा, ओल लगेच कळते, आणि पाणी किती वेळ येतं ते मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा. शाळेत ॲडमिशन मिळतेय का हे डिपॉझिट द्यायच्या आधीच बघा. बायकोला पुढे नोकरी करायची असेल तर तिच्याही बाजूने अंतर मोजा, हे आम्ही केलं नव्हतं आणि वर्षभरात पुन्हा घर बदलावं लागलं.