मदत हवी आहे : शिफ्ट बदलताना दोन सीनिअर ऑपरेटर एकमेकांशी बोलतच नाहीत
नमस्कार मंडळी. चाकणला एका सीएनसी शॉपमध्ये (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर पार्ट बनतात) मी लाइन सुपरवायझर आहे. पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टच्या दोन अनुभवी ऑपरेटरांनी महिनाभर अबोला धरलाय. एकाने जाताना टूल ऑफसेट (मशीनमध्ये भरलेलं कापणाऱ्या हत्याराचं माप) बदलला, सांगितलं नाही. दुसऱ्याचे सुरुवातीचे 14 जॉब (पार्ट) रिजेक्ट झाले आणि मॅनेजरसाहेबांनी त्यालाच सगळ्यांसमोर झापलं. खरं दुखणं त्या झापण्यात आहे, असं मला वाटतं.

ऑफसेट आणि इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक) कधी बदलला ते लॉगबुकमध्ये लिहायची सक्ती केली. लिहितात, पण एकमेकांकडे बघत नाहीत. पोरांमध्येही आता गट पडायला लागलेत.

दोघंही माझ्यापेक्षा वयाने मोठे, मनाने चांगले. आधी एकेकट्याशी बोलू की दोघांना समोरासमोर बसवू? आणि साहेबांनी त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, हे कसं सुचवू? कुणी असं निस्तरलं असेल तर कृपया सांगा.